भिंतीच्या दोन बाजूंच्या दोन शाळा : उत्तर आयर्लंडमधील कॅथलिक-प्रोटेस्टंट दुराव्यात शाळांचा वाटा किती?

१/ बेलफास्ट शहराच्या पश्चिम भागात ‘बॉम्बे स्ट्रीट’ नावाची एक लहानशी गल्ली आहे. तिला लागून काश्मीर रोड आहे आणि जवळच कानपूर स्ट्रीट. साम्राज्याच्या काळात पडलेली ही नावे. १५ ऑगस्ट १९६९ रोजी, भारत आपल्या स्वातंत्र्याचा बाविसावा वर्धापनदिन साजरा करत होता त्याच दिवशी, या बॉम्बे स्ट्रीटवरील कॅथलिक कुटुंबांची घरे प्रोटेस्टंट जमावाने पेटवून दिली.

२/ गल्ली पुन्हा बांधली गेली. घरांच्या मागे मात्र एक उंच भिंत उभी राहिली आणि ती आजही तेथे आहे. भिंतीच्या अलीकडची मुले बहुधा कॅथलिक शाळेत जातात. पलीकडची मुले राज्याच्या शाळेत, जी व्यवहारात प्रोटेस्टंटांचीच शाळा असते. विटांच्या भिंतीला या दुसऱ्या, न दिसणाऱ्या भिंतीचा आधार आहे काय, हा या थ्रेडचा प्रश्न.

३/ या प्रश्नाची दोन तयार उत्तरे प्रचलित आहेत. पहिले असे की, वेगळ्या शाळांमुळेच वैर वाढले आणि त्याचा दोष आपल्या शाळा न सोडणाऱ्या कॅथलिक चर्चकडे जातो. दुसरे असे की, शाळांचा वैराशी काहीही संबंध नाही. सारा दोष पक्षपाती राज्यव्यवस्थेचा. दोन्ही उत्तरे देणाऱ्याच्या सोयीची आहेत. इतिहासाच्या कसोटीवर दोन्ही अपुरी पडतात.

४/ प्रथम कालक्रम पाहावा. अल्स्टर प्रांतात इंग्लंड-स्कॉटलंडमधून आलेल्या प्रोटेस्टंट वसाहतकारांना जमिनी देण्याचे धोरण सतराव्या शतकाच्या आरंभीचे. मूळच्या कॅथलिक रहिवाशांची जमीन गेली, सत्ता गेली. हे सारे घडले तेव्हा सार्वत्रिक शालेय शिक्षण ही कल्पनाही अस्तित्वात नव्हती. वैराचे मूळ जमिनीत आणि सत्तेत आहे. ते शाळेच्या वर्गात शोधणारा माणूस दोन शतके उशिरा पोहोचतो.

५/ शिक्षण या कथेत आले ते बंदीच्या रूपाने. १६९५ च्या कायद्याने आयर्लंडमधील कॅथलिकांना शाळा चालवण्यास आणि मुलांना शिक्षणासाठी परदेशी पाठवण्यास मनाई केली. परिणामी कुंपणाच्या आडोशाने, गोठ्यांत, झोपड्यांत चोरून भरणाऱ्या शाळा निघाल्या. ‘आपली शाळा’ ही कॅथलिक समाजाला इतकी प्राणप्रिय का, याचे उत्तर येथे आहे. जे एकदा हिरावले गेले होते, ते माणूस सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देत नाही.

६/ आता एक फारशी न सांगितली जाणारी गोष्ट. १८३१ मध्ये, म्हणजे इंग्लंडमध्येही सरकारी शाळांचे जाळे नव्हते त्या काळात, आयर्लंडचे मुख्य सचिव एडवर्ड स्टॅन्ली यांनी राष्ट्रीय शाळांची योजना मांडली. तत्त्व साधे होते : लेखन, वाचन, गणित सर्व पंथांची मुले एकत्र शिकतील, धर्मशिक्षण मात्र आपापल्या धर्मगुरूंकडून स्वतंत्रपणे घेतील. देखरेखीच्या मंडळावर तिन्ही प्रमुख पंथांचे सदस्य होते.

७/ ही योजना कोणी मोडली? अँग्लिकन चर्चने १८३९ मध्ये स्वतःची वेगळी शिक्षणसंस्था काढली. प्रेस्बिटेरियनांनी वर्गातून बायबल बाजूला ठेवण्यास विरोध केला आणि १८४० मध्ये मनाजोगत्या सवलती मिळाल्यावरच ते आत आले. कॅथलिकांत डब्लिनचे आर्चबिशप मरे अनुकूल होते, तर ट्यूमचे आर्चबिशप मॅकहेल कडवे विरोधक. पुढे कॅथलिक धर्मपीठही ‘मिश्र’ शिक्षणाच्या विरोधात ठाम उभे राहिले.

८/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत राष्ट्रीय शाळा नावापुरत्या संमिश्र उरल्या. व्यवहारात प्रत्येक शाळेवर एकेका पंथाचा शिक्का बसला, कारण शाळेचा व्यवस्थापक बहुधा स्थानिक धर्मगुरूच असे. वेगळ्या शाळांचे पितृत्व एका चर्चच्या माथी मारता येत नाही. ते तिघांचे आहे, आणि त्यांच्यापुढे वारंवार नमलेल्या सरकारचेही आहे.

९/ टिळकांनी १९१६ मध्ये आपल्या स्वराज्य-चळवळीसाठी घेतलेला ‘होमरूल’ हा शब्द मूळचा आयर्लंडचा. त्याच होमरूलला विरोध करणाऱ्या प्रतिज्ञापत्रावर अल्स्टरच्या प्रोटेस्टंट स्त्री-पुरुषांनी १९१२ मध्ये लाखोंच्या संख्येने सह्या केल्या होत्या. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेकडील सहा परगण्यांत दोन-तृतीयांश प्रोटेस्टंट आणि सुमारे एक-तृतीयांश कॅथलिक, अशी लोकसंख्या घेऊन उत्तर आयर्लंड जन्मले.

१०/ नव्या राज्याचे पहिले शिक्षणमंत्री होते लॉर्ड लंडनडेरी : उमराव, युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहण्याच्या मताचे, आणि अर्थातच प्रोटेस्टंट. शाळांच्या पुनर्रचनेसाठी रॉबर्ट लिन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कॅथलिकांचे प्रमुख कार्डिनल लोग यांनी तिच्यात सहभागी होण्याचे नाकारले. १९२२ मध्ये अनेक कॅथलिक शिक्षकांनी तर बेलफास्ट सरकारचा पगारही घेतला नाही. त्यांना काही महिने डब्लिनहून वेतन मिळत होते.

११/ हा बहिष्कार समजण्याजोगा होता, पण त्याची किंमत मोठी होती. फाळणी टिकणार नाही या आशेवर कॅथलिक नेतृत्व बाहेर उभे राहिले आणि शिक्षणव्यवस्थेचा आराखडा त्यांच्या अनुपस्थितीत तयार झाला. ज्या मेजावर मुलांचे भवितव्य ठरत होते, तेथील खुर्ची रिकामी ठेवण्याचा निर्णय हा कॅथलिक बाजूचा पहिला मोठा प्रमाद.

१२/ तरीही लंडनडेरी यांचा १९२३ चा कायदा आश्चर्यकारक होता. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळांत सक्तीच्या वेळेत धर्मशिक्षण नाही. शिक्षक नेमताना त्याचा पंथ पाहायचा नाही. सर्व मुलांनी एका बाकावर बसावे, हा हेतू उघड होता. १९२० च्या आयर्लंड शासन कायद्यातील पाचवे कलमही कोणत्याही धर्माला सरकारी देणगी देण्यास मनाई करत होते. मंत्र्यांच्या बाजूने कायदा होता.

१३/ विरोध उसळला तो प्रोटेस्टंट बाजूने. प्रोटेस्टंट चर्चेसची संयुक्त शिक्षण समिती आणि ऑरेंज ऑर्डर यांनी सभा घेतल्या, पंतप्रधान क्रेग यांच्यावर दडपण आणले. मार्च १९२५ मध्ये सरकारने काही दिवसांतच माघार घेऊन कायदा दुरुस्त केला. ‘प्रोटेस्टंट मुलांना प्रोटेस्टंट शिक्षक’ ही मागणी व्यवहारात मान्य झाली. लंडनडेरी १९२६ च्या आरंभी पदावरून दूर झाले.

१४/ १९३० च्या कायद्याने उरलेले काम पूर्ण केले. दहा मुलांच्या पालकांनी मागणी केली की राज्याच्या शाळेत बायबलचे शिक्षण देणे बंधनकारक झाले. ज्या प्रोटेस्टंट चर्चेसनी आपल्या शाळा राज्याकडे हस्तांतरित केल्या होत्या, त्यांना त्या शाळांच्या समित्यांवर हक्काच्या जागा मिळाल्या. हा हक्क बदललेल्या रूपात आजच्या नियंत्रित शाळांच्या व्यवस्थापन मंडळांवर कायम आहे.

१५/ ‘बायबल तर सर्वांचेच’ असा युक्तिवाद तेव्हा केला गेला. तो वरकरणी उदार, आतून पक्षपाती होता. चर्चच्या भाष्याशिवाय केवळ मूळ संहिता वाचणे ही कल्पनाच प्रोटेस्टंट धर्मसुधारणेची देणगी आहे. कॅथलिक परंपरेत ग्रंथाचा अर्थ चर्चच्या अधिकारातून येतो. त्यामुळे ‘साधे बायबल’ शिकवणारी शाळा कॅथलिक पालकाला तटस्थ वाटणे शक्य नव्हते.

१६/ आता २०१० कडे यावे. त्या वर्षी उत्तर आयर्लंडचे फर्स्ट मिनिस्टर आणि डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाचे नेते पीटर रॉबिन्सन यांनी वेगळ्या शालेय व्यवस्थेला वर्णभेदाच्या सौम्य रूपाची उपमा दिली आणि चर्चच्या शाळांना सार्वजनिक पैसा का द्यावा, असा सवाल केला. निदान खरे होते. परंतु त्या भाषणाचा रोख कॅथलिक शाळांवर होता आणि १९२५ चा प्रसंग सोयीस्करपणे विस्मृतीत गेला होता. एकत्र शाळेचा पहिला सरकारी प्रयत्न मोडला तो रॉबिन्सन यांच्याच राजकीय पूर्वसुरींनी.

१७/ त्याहून बोलका प्रसंग २०२२ चा. एकात्म शिक्षणाला पाठबळ देणारे विधेयक अलायन्स पक्षाच्या केली आर्मस्ट्राँग यांनी विधिमंडळात आणले. त्याला विरोध केला तो डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षानेच. बारा वर्षांपूर्वी ज्या व्यवस्थेला वर्णभेद म्हटले, ती बदलण्याची वेळ येताच विरोधी मत दिले. तत्त्वाची परीक्षा भाषणात होत नाही. ती मतदानात होते.

१८/ येथवरचा निष्कर्ष : शाळांनी वैर निर्माण केले नाही, आणि शाळा वेगळ्या राहिल्या त्याला सारेच जबाबदार. पण म्हणून शाळा निर्दोष ठरतात काय? मुळीच नाही. रोगाचा जन्म एका ठिकाणी होतो, त्याचा प्रसार दुसऱ्या ठिकाणी. वारसाहक्काने आलेला दुरावा प्रत्येक पिढीपर्यंत पोहोचवण्याचे काम या व्यवस्थेने केले. ते कसे, याची चार कारणे पुढे.

१९/ पहिले कारण : ओळख. बेलफास्टमध्ये चेहऱ्यावरून पंथ कळत नाही, पण शाळेच्या नावावरून लगेच कळतो. नोकरीच्या अर्जात ‘सेंट’ अमुक असे शाळेचे नाव दिसले की मालकाला पुढे काही विचारावे लागत नसे. कायद्यानेही हे वास्तव मान्य केले आहे. रोजगारातील भेदभाव रोखण्यासाठी कर्मचाऱ्यांच्या पंथाची नोंद ठेवावी लागते. कर्मचाऱ्याने तो सांगितला नाही तर शिकलेल्या शाळेवरून अंदाज बांधण्याची मुभा मालकाला आहे.

२०/ यातला उपरोध पाहण्यासारखा आहे. ज्या समाजात ‘शाळेचा दुराव्याशी संबंध नाही’ असे ठासून सांगितले जाते, त्याच समाजात माणसाची बाजू ओळखण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे त्याची शाळा. अगदी इंग्रजीतील आठव्या अक्षराचा उच्चारही दोन बाजूंना वेगळा : एकीकडे ‘एच’, दुसरीकडे ‘हेच’. मुळाक्षरे गिरवण्याच्या वयातच शिक्का बसतो.

२१/ दुसरे कारण : इतिहास आणि संस्कृती. समान अभ्यासक्रम येईपर्यंत कॅथलिक शाळांत आयर्लंडच्या इतिहासाला, आयरिश भाषेला, हर्लिंग व गेलिक फुटबॉलला मानाचे स्थान होते; राज्यशाळांत ब्रिटनचा इतिहास, रग्बी आणि हॉकी. एकाच शहरातील दोन मुले, दोन वेगळ्या देशांची नागरिक म्हणून वाढत होती. खेळाच्या मैदानावर एकमेकांविरुद्ध हरण्या-जिंकण्याचा साधा अनुभवही त्यांना मिळत नव्हता, कारण खेळच वेगळे होते.

२२/ १९८९ च्या शिक्षणसुधारणा आदेशाने समान अभ्यासक्रम आणि ‘परस्पर सामंजस्यासाठी शिक्षण’ ही संकल्पना आणली. पाठ्यक्रमात दोन्ही बाजू आल्या, हे मोठे पाऊल होते. पण दुसऱ्या बाजूविषयी धडा वाचणे आणि दुसऱ्या बाजूच्या मुलाशेजारी बसून तो धडा वाचणे यांत महदंतर आहे. शेजारी तो मुलगाच नसेल, तर धडा परीक्षेपुरता उरतो.

२३/ तिसरे कारण : शिक्षक. बेलफास्टमध्ये शिक्षक-प्रशिक्षणाची महाविद्यालयेही दोन : सेंट मेरीज ही कॅथलिक संस्था आणि स्ट्रॅनमिलिस, जेथे पारंपरिकरीत्या प्रोटेस्टंट विद्यार्थी अधिक. कॅथलिक शाळेत शिकलेली मुलगी कॅथलिक महाविद्यालयात शिक्षिका होऊन कॅथलिक शाळेत परत येई. दुसऱ्या बाजूलाही वर्तुळ तसेच पूर्ण होई. दुसऱ्या पंथाच्या एकाही मुलाला न शिकवता कारकीर्द संपवणे सहज शक्य होते.

२४/ या वर्तुळाला कायद्याचे संरक्षण होते. १९७६ च्या न्याय्य रोजगार कायद्याने नोकरीतील धार्मिक भेदभाव बेकायदा ठरवला, पण शाळेतील शिक्षकांची नेमणूक त्यातून वगळली. नळ दुरुस्त करणाऱ्याला पंथ पाहून नेमणे बेकायदा, मुलांना घडवणाऱ्याला पंथ पाहून नेमणे मात्र कायदेशीर! ही सूट रद्द करणारा कायदा संमत व्हायला २०२२ साल उजाडले. जवळजवळ अर्धे शतक ही सूट टिकून राहिली.

२५/ चौथे कारण : मैत्रीचा अभाव. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले की, दोन गटांतील पूर्वग्रह संपर्काने घटतात, परंतु काही अटींवर : समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि अधिकारी संस्थांचा पाठिंबा. या चारही अटी दररोज, वर्षानुवर्षे, विनासायास पुरवू शकणारी संस्था समाजात एकच असते. ती म्हणजे शाळा. उत्तर आयर्लंडने नेमकी तीच दोन भागांत वाटून टाकली.

२६/ आता आक्षेप. कॅथलिक शाळांचे समर्थक विचारतात : या शाळांनी द्वेष शिकवला, याचा पुरावा काय? आक्षेप रास्त आहे. डेरीच्या सेंट कोलंब्स कॉलेजने जॉन ह्यूम घडवले, ज्यांनी आयुष्यभर अहिंसक राजकारणाचा आग्रह धरला आणि १९९८ चे शांततेचे नोबेल मिळवले. कवी शेमस हीनी त्याच शाळेचे. १९४७ च्या कायद्याने खुले झालेले माध्यमिक शिक्षण अशा शाळांतूनच गरीब कॅथलिक मुलांपर्यंत पोहोचले आणि त्यातूनच नागरी हक्कांची चळवळ उभी करणारी पिढी निघाली.

२७/ हे सारे मान्य करूनही मुद्दा शिल्लक राहतो. या शाळांवर द्वेष शिकवल्याचा आरोप नाहीच. आरोप अनुपस्थितीचा आहे. उत्तम शिक्षक, उत्तम निकाल, सद्‌भावाची प्रार्थना, सारे असूनही त्या वर्गात एक मूल नव्हते : पलीकडच्या गल्लीतले. अपरिचिताविषयी घरात आणि रस्त्यावर जे ऐकू येई, ते खोडून काढणारा मित्र शाळेने दिला नाही.

२८/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार. स्कॉटलंडने १९१८ मध्येच कॅथलिक शाळा त्यांचे धार्मिक स्वरूप राखून सरकारी व्यवस्थेत घेतल्या. नेदरलँड्सने १९१७ च्या घटनादुरुस्तीने धार्मिक शाळांना सरकारी शाळांच्या बरोबरीने अनुदान दिले. तेथे यादवी झाली नाही. मग वेगळ्या शाळांना दोष का?

२९/ उत्तर असे की, कोरडे गवत सर्वत्र असते, ठिणगी सर्वत्र पडत नाही. डच कॅथलिक आणि डच प्रोटेस्टंट यांच्यात नेदरलँड्स हा देश असावा की नसावा, हा वाद नव्हता. उत्तर आयर्लंडमध्ये वाद नेमका तोच होता. जेथे राज्याच्या अस्तित्वाविषयीच मतभेद आहेत, तेथे वेगळी शाळा ही केवळ उपासनेची निवड राहत नाही. ती निष्ठेची दीक्षा ठरते. शाळा तीच, पण भूमी बदलली की तिचे फळ बदलते.

३०/ तिसरा आक्षेप : वस्त्याच वेगळ्या आहेत, शाळा एकत्र कशा होणार? वस्त्या वेगळ्या आहेत हे खरे. परंतु शाळेच्या बसने गल्ली ओलांडता येते. शिवाय ज्या गावांत दोन्ही पंथ शेजारी राहतात तेथेही दोन शाळा, दोन गणवेश आणि सकाळी विरुद्ध दिशांना जाणाऱ्या मुलांच्या दोन रांगा दिसतात. वस्तीचे कारण तेथे लागू पडत नाही, तरी व्यवस्था तीच.

३१/ वस्ती आणि शाळा यांची गाठ किती भयंकर असू शकते, हे २००१ मध्ये जगाने पाहिले. उत्तर बेलफास्टमधील होली क्रॉस ही कॅथलिक मुलींची प्राथमिक शाळा. तिची वाट प्रोटेस्टंट वस्तीतून जाई. त्या वस्तीतील रहिवाशांनी शाळेच्या वाटेवर निदर्शने सुरू केली. चार ते अकरा वर्षांच्या मुली शिव्यांच्या वर्षावात, दंगल-पोलिसांच्या रांगांमधून, पालकांचा हात धरून शाळेत जात. सप्टेंबरमध्ये एके सकाळी तेथे स्फोटकही फेकले गेले.

३२/ हा प्रसंग १९९८ च्या शांतता करारानंतर तीन वर्षांनी घडला, हे विसरता कामा नये. त्या गणवेशातल्या मुली निदर्शकांना शेजारच्या मुली वाटल्या नाहीत. शत्रूचे निशाण वाटल्या. त्यांच्यापैकी एखादी आपल्या मुलीची वर्गमैत्रीण असती, तर किती हात खाली आले असते? इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, असे म्हणतात. पण शिक्षणनीती ही ‘जर-तर’चाच विचार करण्यासाठी असते.

३३/ वेगळा मार्ग शक्य होता, याचा पुरावाही तेथेच आहे. १९७० च्या दशकात काही पालकांनी ‘ऑल चिल्ड्रन टुगेदर’ ही चळवळ उभारली. त्या काळात राज्यशाळेत जाणाऱ्या कॅथलिक मुलांना बेलफास्टच्या बिशपांकडून दृढीकरण संस्कार नाकारला जात होता. धर्मपीठाचा रोष पत्करून आणि राजकीय पक्षांची उदासीनता सोसून या पालकांनी पाठपुरावा केला.

३४/ सप्टेंबर १९८१ मध्ये लगन कॉलेज ही पहिली नियोजित एकात्म शाळा सुरू झाली. विद्यार्थी अवघे २८. जागा स्काउटांच्या केंद्रातली, उसनवारीची. त्याच उन्हाळ्यात बॉबी सँड्स यांच्यासह दहा कैदी तुरुंगातील उपोषणात मृत्यू पावले होते आणि शहर धुमसत होते. अशा वेळी आपले मूल ‘त्यांच्या’ मुलासोबत बसवणाऱ्या त्या मोजक्या पालकांचे धैर्य कोणत्याही सेनानीपेक्षा कमी नव्हते.

३५/ १९८९ पासून एकात्म शिक्षणाला उत्तेजन देणे हे सरकारचे कायदेशीर कर्तव्य आहे. १९९८ च्या करारातही त्याचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात आजही अशा शाळांत शंभरातील जेमतेम सात-आठ मुले शिकतात. अशा शाळांतून बाहेर पडणाऱ्यांची दुसऱ्या पंथात अधिक मैत्री असते, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसले आहे. औषध माहीत आहे, गुण माहीत आहे. मात्रा मात्र चार दशकांत पुरेशी वाढली नाही.

३६/ मग काय करावे? कॅथलिक शाळांना टाळे ठोका, हे उत्तर अन्यायाचे आहे आणि १६९५ ची आठवण जागी करणारे आहे. आरंभ राज्याने आपल्या घरापासून करावा. राज्यशाळांच्या व्यवस्थापनातील प्रोटेस्टंट चर्चेसच्या राखीव जागा संपवाव्यात. जी शाळा स्वतःला सर्वांची म्हणवते, तिने आधी खरोखर सर्वांची व्हावे. १९२५ मध्ये केलेली चूक दुरुस्त केल्याशिवाय दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवण्याचा अधिकार मिळत नाही.

३७/ त्यानंतर कॅथलिक धर्मपीठाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. एकेकाळी या शाळा दबलेल्या अल्पसंख्याकांचे आश्रयस्थान होत्या. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट पार्श्वभूमीचे ४३.५ टक्के आहेत. आता कोण कोणापासून आश्रय घेत आहे? किल्ला वेढ्याच्या काळात प्राण वाचवतो. वेढा उठल्यावरही दरवाजे बंद ठेवले, तर तोच किल्ला तुरुंग होतो.

३८/ शिक्षकांचे प्रशिक्षण एकत्र करणे, नेमणुका खुल्या करणे, लहान गावांतील दोन अर्धवट रिकाम्या शाळांऐवजी एक भरलेली शाळा उभारणे, धर्मशिक्षण १८३१ च्या मूळ योजनेप्रमाणे आपापल्या धर्मगुरूंकडे सोपवणे : यातले काहीही अशक्य नाही. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी कागदावर उतरलेला विचार अमलात आणण्यासाठी नव्या प्रतिभेची गरज नाही. गरज आहे ती चर्चेसच्या दडपणापुढे न वाकणाऱ्या सरकारची, जे आयर्लंडला तेव्हाही मिळाले नाही आणि १९२५ मध्येही मिळाले नाही.

३९/ संघर्षाच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. बंदुका मोठ्या प्रमाणावर शांत झाल्या, हे १९९८ चे यश निर्विवाद आहे. मात्र त्या करारानंतर जन्मलेली पिढीही बहुतांशी वेगवेगळ्या शाळांतच वाढली. मोठ्यांनी एका सभागृहात एकत्र बसण्याचा करार केला आणि मुलांना मात्र वेगळे बसवले. शांतता म्हणजे केवळ गोळीबाराचा अभाव असेल, तर हे पुरेसे आहे. शेजार म्हणजे शांतता असेल, तर काम अजून सुरूही झालेले नाही.

४०/ २०१३ मध्ये बेलफास्टच्या सरकारने वचन दिले होते की, दहा वर्षांत शहरातील सर्व ‘शांतता-भिंती’ हटवल्या जातील. २०२३ आले आणि गेले. बॉम्बे स्ट्रीटमागची भिंत उभीच आहे. विटांच्या भिंतीसाठी निदान एक मुदत तरी ठरली होती. शाळांमधल्या भिंतीसाठी आजवर कोणत्याही सरकारने तारीखच लावलेली नाही. ती लागत नाही तोवर पहिली भिंत पडण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. (समाप्त)